साहेबरावांच्या मागचा पडदा

मी एक पडदा आहे. नाटकातला नव्हे, दारावरचाही नव्हे. फोटो स्टुडिओत माणसांना स्टुलावर बसवून त्यांच्या पाठीमागे जो सोडतात, तो मी. आमच्यासारखे आता फारसे उरले नाहीत. आमचं काम संगणक करतो, आणि आधी आम्हाला पुसून टाकून मग करतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक गोष्ट मनात राहून गेली आहे, तेवढी सांगतो.

माझा जन्म फर्दापूरचा. तिथे सांडू नावाचा एक पेंटर होता. हॉटेलांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, असं काय काय तो रंगवायचा. फोटोग्राफर अनंतराव माझं कापड घेऊन त्याच्याकडे गेले. जाड मांजरपाट होतं ते. सांडूनं त्यावर सरस आणि खडूच्या भुकटीचा हात दिला, अंगणात दोन बांबूंना ताणून वाळवलं आणि विचारलं, "काय काढू साहेब?"

"तळं काढ. कमळं काढ, घाटाच्या पायऱ्या काढ. आणि पाण्यात हंसांची जोडी. माझ्याकडे नवराबायको येतात, जोडप्याच्या मागे जोडी पाहिजे."

सांडूनं हंस पाहिले होते ते फक्त गावाजवळच्या लेण्यांतल्या भिंतीवर, आणि तेही दुसऱ्याच्या बॅटरीच्या उजेडात. त्यामुळे मान आखूड झाली, चोच पसरट झाली आणि पोट सुटलं. अनंतराव न्यायला आले तेव्हा त्यांनी मला उलगडून बराच वेळ पाहिलं.

"सांडू, ही बदकं आहेत."

"हंसच हायेत साहेब. जेवून उठलेत."

अनंतरावांना हसू आवरेना. त्यांनी मला गुंडाळलं, एसटीच्या टपावर बांधलं आणि पैठण गेटजवळच्या आपल्या स्टुडिओत आणून टांगलं. तेव्हापासून मी या शहराचा झालो.

माझ्या वाट्याला चेहरे फारसे आले नाहीत, पाठी आल्या. सगळे माझ्याकडे पाठ करूनच बसायचे. पण त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, कारण पुढून माणसं फोटोपुरती असतात, मागून मात्र घरच्यासारखी. पुढे हसरी आई, मागे पोराला काढलेला चिमटा. पुढे रुबाबदार कोट, मागे तोच कोट टाचण्यांनी आवळलेला. कारण कोट स्टुडिओचा असायचा, एकाच मापाचा, आणि अख्ख्या तालुक्याला तोच बसवायचा असायचा. स्टुडिओचं एक मनगटी घड्याळही होतं. ते बंद होतं, पण फोटोत कुणाला कळणार? नवरदेवाचा डावा हात बायकोच्या आड जातो, म्हणून अनंतराव ते घड्याळ नेहमी उजव्या मनगटावर बांधायचे. घड्याळ बांधलं आणि दिसलं नाही, तर गिऱ्हाईक नाराज होतं, असं ते म्हणायचे.

माझ्यावरच्या दोन बदकांपैकी एक नवऱ्याच्या खांद्यामागे दिसायचं. दुसरं नेमकं नवरीच्या मागे झाकलं जायचं. किती लग्नं झाली, किती नवऱ्या त्या जागी बसून गेल्या, पण ते दुसरं बदक एकाही फोटोत आलं नाही. ते बिचारं पाण्यात एकटंच पोहत राहिलं.

एका सकाळी पैठणहून एक जोडपं आलं. नुकतंच लग्न झालेलं. दोघंही पांढऱ्या कपड्यांत. बौद्ध पद्धतीनं लग्न पांढऱ्या कपड्यांत लागतं, तेच कपडे फोटोसाठी पुन्हा घातलेले. नवरा साहेबराव उंच आणि हडकुळा. नवरी पारू त्याच्या खांद्याला लागेल एवढी. साहेबराव माझ्यापुढे असा ताठ उभा राहिला, की जणू कुणी त्याची उंची मोजणार होतं.

त्याच्या अंगातला शर्ट थोरल्या भावाचा होता. दोन साहेबराव मावतील एवढा. अनंतराव टाचण्यांची डबी शोधू लागले, पण ती काही सापडेना.

"राहू द्या साहेब," नवी नवरी हळूच म्हणाली, "मी धरते."

आणि दोघं बसता बसता तिनं आपला उजवा हात त्याच्या पाठीमागे नेला, शर्टाचं जास्तीचं कापड गोळा केलं आणि मुठीत घट्ट धरलं. पुढून शर्ट कसा मापाचा बसला! ती मूठ कॅमेऱ्याला दिसली नाही. मला दिसली. माझ्यापासून ती वीतभरही लांब नव्हती.

अनंतराव काळ्या कापडात डोकं घालून म्हणाले, "नवरदेव, जरा हसा की." साहेबरावाचा चेहरा आणखीच ताठ झाला. तेव्हा पारूनं ओठ न हलवता पुटपुटलं, "अवं, ते मागचं बदक तुमच्या खांद्यावर बसाया लागलंय. उतरवा की त्याला खाली."

साहेबराव हसला. दाबून ठेवलेलं, तरी एका बाजूनं निसटलेलं हसू. तेवढ्यात उजेड चमकला आणि ते हसू कायमचं कागदावर बसलं.

मग दिवस पालटले. रंगीत फोटो आले, कॅमेऱ्यातली फिल्म गेली, आणि अनंतरावही गेले. त्यांची मुलगी नीरजा हिनं धंदा पुढे चालवायला घेतला आणि दुकान गारखेड्याला आणलं. मी बांबूला गुंडाळलेला तिच्यासोबत आलो आणि माळ्यावर पडलो. खाली भिंतीवर आता एक साधं निळं कापड होतं. त्याच्यावर तळं नाही, कमळ नाही, काही नाही. मला वाटायचं, हे कसलं बाई कापड, माणसाला उभं राहायला जागाच नाही.

नंतर कळलं, ते कापड दिसण्यासाठी नव्हतंच. पुसलं जाण्यासाठी होतं.

नव्या दुकानाची मोठी काच पश्चिमेला. दुपारनंतर ऊन थेट संगणकाच्या स्क्रीनवर यायचं आणि नीरजाला काही दिसेनासं व्हायचं. एक दिवस वैतागून ती माळ्यावर चढली, मला खाली ओढलं आणि काचेवर टांगलं. चित्राची बाजू आत, पाठ उन्हाला. गिऱ्हाइकाची खुर्ची माझ्याकडे पाठ करून. मला आपलं जुनं नशीबच परत मिळालं. फक्त एक फरक झाला. समोरच संगणक असल्यामुळे आता मला माणसांच्या पाठीबरोबर त्यांचे चेहरेही दिसू लागले, स्क्रीनवर.

त्या स्क्रीनवर मी काय काय पाहिलं! नीरजा फोटो उघडायची, एक बटण दाबायची, आणि माणसामागचं सगळं नाहीसं व्हायचं. घर जायचं, झाड जायचं, शेजारी उभा असलेला मेहुणा जायचा. मागे उरायचे नुसते करडे-पांढरे चौकोन. ते चौकोन म्हणजे काही नाही, रिकामं. मग त्या रिकाम्यात पाहिजे ते बसवायचं. वाढदिवसाच्या बॅनरला सिंह, लग्नाच्या बॅनरला राजवाडा, आणि गेलेल्या माणसाला निळं आभाळ. एकदा कुणी तरी कुठून तरी उचललेलं फुलांचं चित्र घेऊन आला. त्याला वाटलं, मागचं काढलेलंच आहे. पण ते चौकोनही चित्रातच छापलेले होते. नवरदेवाच्या फेट्यामागे चौकोनच चौकोन आले आणि गावाला वाटलं, काही तरी नवीन डिझाइन आहे. पुढच्या लग्नाला आणखी दोघांनी तसंच बॅनर मागितलं.

पूर्वी माणसं बदलायची आणि मागचा मी तोच राहायचो. आता माणूस तोच राहतो आणि मागचं बदलत जातं. एवढाच काय तो फरक, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

त्या दुपारी एक तरुण आणि त्याची आई आत आले. तरुण वाळूजच्या कंपनीत कामाला असावा, शर्टावर कंपनीचं नाव शिवलेलं होतं. आईच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक फोटो. ती खुर्चीत बसली, अर्थातच माझ्याकडे पाठ करून. केस पांढरे झालेले, पाठीला थोडा बाक. पण मी पाठी ओळखतो. मान जरा डावीकडे झुकलेली, उजवा खांदा किंचित पुढे. मला वाटलं, ही पाठ आपण कुठे तरी पाहिली आहे.

"ताई, वडिलांचा फोटो करायचा होता. फ्रेमसाठी," तरुण म्हणाला. "मी अभय. रविवारी पैठणला पुण्यानुमोदन आहे."

गेलेल्या माणसाच्या आठवणीचा तो कार्यक्रम. नीरजानं मान हलवली आणि फोटो हातात घेतला. काळा-पांढरा, कोपरे झिजलेले. पांढऱ्या कपड्यांतलं एक तरुण जोडपं. मागे तळं, कमळं, आणि नवऱ्याच्या खांद्याशी एक बदक.

मी वाऱ्यानं हललो, असं नीरजाला वाटलं असेल. वारा नव्हता.

"यांचा एकट्याचा नाही का एखादा?"

"मोबाइलमधले आहेत, पण ते दवाखान्यातले. नाकात नळी."

"आधार कार्डावरचा?"

"आधारवर तर पोलिसानं धरून आणल्यावानी दिसतेत," पारूबाई म्हणाल्या. "त्यो नगं बाई. उभ्या जन्मात धड हसलेला एवढा एकच फोटो हाय त्यांचा."

"मग असं करा ताई," अभय म्हणाला, "यातून आईला काढा आणि बाबांना ठेवा. हार घालायचा फोटो आहे. आईवर हार मला बघवायचा नाही."

"मीच म्हणलं काढ म्हणून. मला आणखी लई कामं हायेत."

नीरजानं फोटो स्कॅन केला आणि बटण दाबलं. पापणी लवायच्या आत मी नाहीसा झालो. तळं गेलं, पायऱ्या गेल्या, बदक गेलं. साहेबराव आणि पारू चौकोनांवर तरंगू लागले.

पारूबाई पुढे वाकल्या. "हे काय गं बाई? ह्यांला चौकड्याच्या लुंगीवर बसवलं व्हय?"

"नाही मावशी, हे चौकोन म्हणजे काहीच नाही. रिकामं आहे. मागे आपण जे ठेवू ते दिसेल."

"काहीच नाय, ते दाखवाया इतके चौकोन!"

अभयनं आपला मोबाइल पुढे केला. त्याच्या मित्राच्या वडिलांची फ्रेम होती. काळा कोट, टाय, मागे निळं आभाळ. "असं पाहिजे ताई. बाबा आयुष्यभर कालव्यावर पाटकरी होते. लोकांच्या शेतांना पाणी सोडत गुडघाभर चिखलात उभे राहिले. एकदा तरी कोटात दिसू द्या."

त्याच्या आवाजात असं काही होतं, की नीरजानं वाद घातला नाही. तयार कोट तिच्याकडे होतेच, पूर्वी खुंटीवर असायचा, आता संगणकात. तिनं साहेबरावांचा चेहरा उचलला, कोटावर बसवला, मान जुळवली, मागे आभाळ पसरलं. काम नीट झालं होतं. अभय नुसता पाहतच राहिला.

पारूबाईंनी मात्र विचारलं, "हे हासतेत कशाला?"

"म्हणजे?"

"आभाळात बसून एकटा माणूस कशाला हासंल? कोट मिळाला म्हणून?"

"आई, तसंच असतं. सगळ्यांचं तसंच करतात."

"सगळ्यांचं असंल. ह्यांचं नाय." आणि मग त्यांनी लेकाला ती गोष्ट सांगितली. मोठ्या भावाचा शर्ट, न हसणारा नवरदेव आणि खांद्यावर बसलेलं बदक. "घरी जाईस्तोवर हासत हुते. एसटीत मधीच हसाया लागले, तर कंडक्टरनं ईचारलं, पाव्हणं बरं हाय ना? मंग पुढं संसार सुरू झाला. भांडण झालं की मी म्हणायची, बदक उतरवा खाली. की हासायचेच."

अभयला हे ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "मला तर बाबा कायम गप्पच आठवतात."

"तुझ्यासमोर गप्पच असायचे. बाप हुते ना."

मग अभयनंच सांगितलं, "ताई, कोट राहू द्या. ते तळं परत आणता येईल का? फक्त आई नको."

आणायला काय, नीरजानं मला एका क्षणात परत आणलं. खरी पंचाईत पुढे होती. दोघांना वेगळं करायचं होतं. तिनं बटण दाबलं तर संगणक दोघांना मिळून एकच धरू लागला. शर्ट पांढरा, लुगडं पांढरं, खांद्याला खांदा टेकलेला. कुठे तो संपतो आणि कुठे ती सुरू होते, हे त्या यंत्राला काही केल्या कळेना.

"हे आता हातानंच करावं लागणार," नीरजा म्हणाली. फोटो मोठा मोठा करत तिनं टिंबाटिंबानं कड धरायला घेतली. मधेच तीही अडली. "मावशी, ही घडी कुणाची?"

"माझ्या पदराची. त्याच्या पल्याडची बाही त्यांची. थोरल्या भावाचा शर्ट ना, बाही लोंबती."

अशा दोघी मिळून त्या हळूहळू त्यांना सोडवू लागल्या. नीरजा कड धरायची, पारूबाई सांगायच्या. मला ते पाहवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती.

शेवटी पारू वेगळी झाली आणि साहेबरावांचा डावा हातच नाहीसा झाला, कारण तो तिच्याआड होता. नीरजानं उजवा हात उचलला, उलटा केला आणि डावीकडे बसवला. पारूबाई फसकन हसल्या.

"दोनी हातांत घड्याळं! आन् दोनी बंद."

नीरजाही हसली. तिला बापाचं ते घड्याळ आठवलं. तिनं एक घड्याळ पुसून टाकलं. मग तिला शर्टावरच्या सुरकुत्या दिसल्या, कुशीतून मागे ओढल्यासारख्या. "एवढ्या मी साफ करते. शर्ट छान सरळ दिसेल."

"नगं." पारूबाईंनी तिचा हात धरला. "त्या राहू दे."

"का?"

"राहू दे म्हणते ना."

त्यांनी कारण सांगितलं नाही. मला ठाऊक होतं. त्या सुरकुत्यांच्या टोकाशी, पाठीमागे, एक मूठ होती. पारूला फोटोतून काढलं, तरी तिची पकड शर्टावर तशीच होती.

आता उरली ती जागा. जिथे पारू बसली होती तिथे चौकोन दिसत होते. नीरजानं संगणकाला ती जागा आपोआप भरायला सांगितली. त्यानं आजूबाजूचं थोडं पाणी घेतलं, थोडं कमळ घेतलं, आणि दोन माना असलेलं एक बदक तयार केलं. पुन्हा सांगितलं, तर पायऱ्या पाण्यावर तरंगायला लागल्या. तिसऱ्यांदा साहेबरावांचा एक जास्तीचा कान उगवला.

"काय करू मावशी," नीरजानं मान खाली घातली. "तुमच्यामागे काय होतं ते कॅमेऱ्यानं पाहिलंच नाही. जे फोटोत नाही, ते मी आणू कुठून? काका तेवढे कापून घेते. अरुंद होईल, बदकही अर्धं जाईल, पण दुसरा इलाज नाही."

मी इथे आहे! मला ओरडावंसं वाटलं. अगं, तुम्हा सगळ्यांच्या पाठीमागे, रोज तुझं ऊन अडवत मी इथेच तर लटकतोय! पण पडद्याला आवाज नसतो. आणि दुपारच्या उन्हात मी आतून नुसता काळपट दिसतो. नीरजा मला रोज पाहत होती, म्हणूनच तिला मी दिसत नव्हतो.

"काप मंग," पारूबाई म्हणाल्या. लेकाला डोळे दिसू नयेत म्हणून त्या खुर्चीतच मागे वळल्या, पदर तोंडाला लावला, आणि तशाच थांबल्या.

बाहेर ऊन समोरच्या घरांआड गेलं होतं. माझा रंग उजळला होता. आणि त्यांच्या नाकासमोर एक आखूड मानेचं, पोट सुटलेलं बदक होतं.

"अगं माय," त्या म्हणाल्या. "तू हितंच हायेस व्हय?"

इतक्या वर्षांत माझ्याशी थेट बोललेलं ते पहिलं माणूस. त्यांनी बोट पुढे केलं आणि बदकाच्या चोचीवरून फिरवलं. मग त्यांची नजर बाजूला सरकली. "आन् हे दुसरं कोण? दोन हुते?"

नीरजा खुर्चीतून उठून आली होती. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, हा बाबांचा पडदा! रोज माझ्या डोळ्यांसमोर आहे, आणि मी…"

"दोन हुते," पारूबाई पुन्हा म्हणाल्या. "दुसऱ्यावर मीच बसले हुते."

मला काचेवरून काढलं. अभयनं एक टोक धरलं, नीरजानं दुसरं. मला झटकलं तेव्हा एवढी धूळ उडाली की तिघंही खोकले. निळं कापड बाजूला सारून त्यांनी मला भिंतीवर टांगलं आणि दिवे लावले. माझी पाठ उन्हानं करपली होती, खालची एक पायरी कुणी तरी पुसायला फाडून नेली होती, कमळं फिकी झाली होती. पण तळं होतं. नीरजानं कॅमेरा लावला.

आजवर शेकडो फोटोंत मी होतो, पण माझा एकट्याचा फोटो कुणी काढला नव्हता. समोर कुणीही नसताना, सगळा उजेड माझ्यावर. मला फार लाजल्यासारखं झालं. आणि खरं सांगतो, मला माझ्यापुढे कुणी तरी बसलेलं हवं होतं.

नीरजानं तो फोटो काळा-पांढरा केला, जुळवून जुळवून साहेबरावांच्या शेजारच्या रिकाम्या जागेत बसवला. कमळं कमळांना भेटली. पाणी पाण्याला लागलं. आणि जिथे पारू बसली होती, तिथून ते दुसरं बदक पहिल्यांदा बाहेर आलं.

"ही मी व्हय?" पारूबाईंनी विचारलं. "लई जाड झाले."

अभय हसला आणि हसता हसताच त्यानं डोळे पुसले.

"आता कडेनं थोडं कापते, म्हणजे काका मधोमध येतील," नीरजा म्हणाली.

"कापू नगं. ती जागा असू दे." पारूबाईंनी स्क्रीनकडे बोट केलं. "मला पुसून टाकलंस का गं पार?"

"नाही हो मावशी. हे बघा." नीरजानं त्यांना दाखवलं. एकावर एक काचा ठेवाव्यात, तसे थर असतात. एका थरावर पडदा, एकावर साहेबराव, एकावर पारू. प्रत्येक थरापुढे एक बारीक डोळा. "हा डोळा मिटला की तुम्ही दिसत नाही. उघडला की आहातच."

तिनं डोळा उघडला. पांढऱ्या लुगड्यातली पारू साहेबरावांच्या खांद्याशी येऊन बसली. मिटला. बदक दिसलं.

"पुन्हा दाव."

नीरजानं पुन्हा दाखवलं. मग आणखी एकदा.

"मंग हे असंच जपून ठेव," पारूबाई म्हणाल्या. "माझी पाळी आली, की ह्यो येईल तुझ्याकडं. माझा म्हातारपणाचा फोटो काढत बसायचं नाय. फकस्त डोळा उघडायचा."

"आई, गप बस ना."

"अरं, मला काय घाई नाय. तवर बदक बसलंय की. एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकतो ना जागा धराया, तसं."

रविवारी संध्याकाळी अभयनं नीरजाच्या मोबाइलवर फोटो पाठवला. पैठणच्या घरातली भिंत, भिंतीवर ती फ्रेम, फ्रेमला पांढऱ्या फुलांचा हार. हार मोठा होता, पण पारूबाईंनी तो एका बाजूला सारून ठेवला होता, बदक झाकू नये म्हणून. खाली अभयनं लिहिलं होतं, की आलेला प्रत्येक माणूस फोटोपाशी थांबत होता आणि विचारत होता, साहेबराव हसायचे? मग आई त्यांना खाली बसवून गोष्ट सांगत होती.

मी आता परत काचेवर आहे. नीरजा म्हणते, बांबूची चिक आणून काचेला लावते आणि तुला सावलीत टांगते. अजून आणलेली नाही. कामं असतात तिला. ऊन रोज माझा थोडा रंग घेऊन जातं. मी त्याला नेऊ देतो. माझा फोटो निघाला आहे, आता चिंता नाही.

तुमच्याकडे आता एका बोटानं मागचं सगळं काढून टाकायची सोय झाली आहे. खुशाल काढा, काही फोटोंत ते शोभतंही. फक्त बटण दाबण्याआधी एकदा घरातल्या कुणाला तरी विचारा, हा माणूस हसतोय कशाला. कधी कधी त्याचं उत्तर मागे असतं.

नीरजाच्या संगणकात पारूबाईंचा डोळा मिटलेला आहे. तो खूप खूप वर्षं मिटलेलाच राहो. आमचं बदक जागा धरून बसलं आहे.